दगडाबाईंची अकरा गाणी

सावेडीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सिल्व्हियाबाईंना बिघडलेली वस्तू तशीच टाकवत नाही. शेजारणीचा मिक्सर असो की चर्चचा माईक, बाई ओढणी खोचून बसल्याच म्हणून समजा! अशा हट्टातूनच त्यांनी चर्चच्या जुन्या गाण्यांची वेबसाईट बनवली होती.

गाण्यांच्या पुस्तकात शब्द असतात, चाली नसतात. त्या उरल्या होत्या खर्ड्याच्या दगडाबाईंच्या गळ्यात. दिवाळीच्या सुट्टीत सिल्व्हियाबाई खर्ड्याला गेल्या, दगडाबाईंची लेक चांगुणा हिच्या मोबाईलवर अकरा गाणी रेकॉर्ड केली आणि त्या मोबाईलवरूनच थेट साईटवर चढवली. पुढे सहा महिने साईटला हात म्हणून लावला नाही. नीट चाललंय ना, मग कशाला बोट घाला!

गुरुवारी दगडाबाई गेल्या. शनिवारी सकाळी चांगुणाचा फोन आला.

"सलाम बाई. चारला आईसाठी प्रार्थनेची सभा हाय. समद्यांनी ठरवलंय, आईचाच आवाज लावायचा. चाल कुनालाच येत न्हाई. आन् तेवढा आईचा फोटो टाका साईटवर."

दहा मिनिटांचं काम! बाईंनी फोटोचं पान तयार करून साईट इंटरनेटवर ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडे पाठवलं. पडद्यावर लाल अक्षरं. घरच्या लॅपटॉपवर निमूट चालणारी साईट तिथं गेली की आडवी पडे. एक चूक काढावी तर दुसरी हजर. जेवण राहिलं, दुपार सरत आली. नवीन काही चढेना, म्हणून जुनी साईटच चालू होती.

"गाणी वाजतायत ना?" नवरा विल्सन वैतागला. "मग राहू दे की फोटो!"

"अर्धवट सोडू? वा रे वा!"

नवव्या खेपेला, सव्वातीनला, हिरवी खूण आली. बाईंनी टाळी वाजवली. साईट उघडली, दगडाबाई फोटोत हसत होत्या. बाईंनी पहिलं गाणं दाबलं. वाजेना. दुसरं, तिसरं, अकरावं. नावं होती, आवाज एकाचाही नव्हता.

मग बाईंच्या लक्षात आलं. नवी साईट चढली की होस्टिंगवाले जुनीची जागा पार साफ करतात. गाणी वेगळ्या जागी जपून ठेवायची असतात, आणि बाईंनी ती साईटच्या पोटातच ठेवली होती; लॅपटॉपवर त्यांची प्रतही नव्हती. सकाळपासूनच्या आठ लाल खुणांनी दगडाबाईंचा आवाज राखला होता. तो बाईंनी स्वतःच्या हातानं पुसला. देवा, काय करून बसले मी!

त्यांनी खर्ड्याला फोन लावला. "चांगुणा, तुझ्या मोबाईलवर असतील ना गं गाणी?"

"आता कशी असतील? मोबाईल भरला हुता, तवा तुमीच म्हनला, साईटवर गेली, आता उडव. म्या तवाच उडवली की."

"साईटवरून... गेली गं."

मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. चांगुणा जराही घाबरली नाही.

"मग करा की नीट. तुमाला समदं येतंय बाई. लोकं बसल्यात, आमी थांबतो."