शेवटच्या रांगेत सांगितलेला सिनेमा

चांगला सिनेमा माणसाला खरं बोलायचं बळ देतो. हे वाक्य माझं आहे. भाषणांतून म्हणून झालं आहे, छापूनही आलं आहे. एका कॉलेजात तर मी पोचायच्या आधीच ते फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं होतं आणि खाली माझं नाव. बळ कुणाकुणाला मिळालं याची मी चौकशी केलेली नाही. मला मिळालं नाही, एवढं नक्की.

आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. म्हणजे कबुली देतानासुद्धा मी सोयीची जागा निवडली आहे — हेही लक्षात ठेवा.

मी इथं कॉलेजात मराठी शिकवायचो. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून. रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांना काळा कागद चिकटवून, आम्ही काही जण सिनेमे दाखवायचो. फिल्म क्लब म्हणायचो त्याला. पंखे इतके वाजायचे, की शांत सिनेमांतही हेलिकॉप्टर असल्यासारखं वाटे.

पुढं समलिंगी संबंध गुन्हा नाही असा न्यायालयाचा निकाल आला, कायदा बदलला, आणि मला अचानक मागणी आली. गे आणि लेस्बियन सिनेमांवर अधिकारानं बोलणारा माणूस या भागात दुसरा नव्हता. तुमचे आवडते सिनेमे सांगा, म्हणतात. मी सांगतो. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. प्रास्ताविक करणारा मला ‘धाडसी’ म्हणतो, आणि मी मान थोडी खाली घालतो. ती मान किती खाली घालायची हे मला आता बरोबर जमतं. किळस येते मला त्या मानेची.

हे सिनेमे लोकांना एवढे का भिडतात? व्यासपीठावर मी सांगतो — कारण प्रेम सगळीकडे सारखंच. टाळ्या पडतात. पण ते खरं नाही. प्रेम काय, कुठल्याही सिनेमात असतं; गाण्यांसकट असतं. या सिनेमांत भिडते ती खबरदारी. माझ्या एका आवडत्या सिनेमात दोन बायका मिळून कपडे शिवण्याचं दुकान चालवतात. गिऱ्हाईक आत आलं, की त्यातली एक पटकन टेप गळ्यात अडकवते. मापं घ्यायची नसतात. हात कुठं ठेवायचे ते सुचत नसतं. दुसऱ्या एका सिनेमात एक म्हातारा आपल्या जन्माच्या जोडीदाराच्या मयतीला शेजारी म्हणून जातो, नातेवाइकांसाठी खुर्च्या लावतो. कुणी कुणाला शिवतही नाही. पण तेवढ्या वेळापुरता आमच्या हॉलमधला खोकला थांबायचा. का थांबायचा? बसलेल्यांत बहुतेक साधे संसारी लोक होते. पण घरात काहीतरी झाकून जगलेला माणूस प्रत्येक रांगेत असतोच की. झाकलेली गोष्ट वेगळी असेल. दार लावण्याआधी बाहेर डोकावून बघणं तेच.

हे सगळं मला पुस्तकं वाचून कळलं, असं लोकांना वाटतं. मी वाटू देतो.

पुंडलिकनगरात माझं घर होतं. आहे. तिथं माझ्यासोबत मारोती राहायचा. (नाव बदललं आहे. तेवढी खबरदारी अजून आहेच.) माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला. शेजारपाजारच्या दृष्टीनं तो माझा भाडेकरू. चारचौघांत तो मला ‘सर’ म्हणायचा, दार लावलं की ‘तू’. आतल्या खोलीत त्याच्या नावाची एक वेगळी कॉट होती. तिच्यावर कुणी झोपायचं नाही. पण गावाहून त्याची आई येणार असली, की आदल्या दिवशी मी त्या गादीवर लोळून चादरीला सुरकुत्या पाडून ठेवायचो. रोजच्या वापरातली दिसावी म्हणून. मराठीचा प्राध्यापक, वाङ्मयीन अभिरुचीवर व्याख्यानं देणारा — आणि गादीवर लोळतोय.

आई म्हणजे मी ज्यांना मावशी म्हणायचो त्या. खुलताबादच्या पुढं त्यांचं गाव. घरात पूर्वापार मेंढरं. नवरा गेल्यावरही थोडी त्यांनी स्वतः राखली होती. आल्या की पिशवीतून शेंगा, कारळाची चटणी काढायच्या आणि मला बजावायच्या, की सर, तुम्ही लई वाळलात, पोरगं एकटंच खातंय वाटतं. मला त्या आवडायच्या. हे मी दया मिळावी म्हणून सांगत नाही. आवडायच्या, आणि तरीही मी ते केलं.

मारोतीला आईला सांगायचं होतं. वर्षभर तो तेच घोळवत होता. मी दर वेळी म्हणायचो, थांब थोडं. कशासाठी थांब, ते मी कधी सांगितलं नाही. मग क्लबात एक सिनेमा आला. डोंगराळ मुलखातली मेंढ्या पाळणारी बाई. तिचा मुलगा शहरातून मित्राला घेऊन घरी येतो. जेवायला बसल्यावर मुलगा आईला सांगतो — हा माझा मित्र नाही, मी याच्याबरोबर संसार करतो, जन्मभर करणार आहे. आई रडते. मग उठते आणि त्या दुसऱ्याच्या ताटात आधी वाढते. बस. सगळा सिनेमा त्या एका जेवणात. बिछाना नाही, मिठी नाही, मावशींनी पदर तोंडावर घेऊन उठून जावं असं काही नाही. वर मेंढ्या. मारोती म्हणाला, हाच. आई मेंढरं बघायला तरी बसेल.

आमच्या क्लबात एक पद्धत होती. सिनेमे बाहेरच्या भाषांतले, खाली ओळी इंग्रजीत. ज्यांना त्या वाचता येत नसत — कुणाची आई, कुणाचे सासरे — त्यांना शेवटच्या रांगेत बसवायचं आणि आमच्यापैकी एकानं शेजारी बसून हळू आवाजात मराठीतून सिनेमा सांगायचा. हे काम बहुतेक माझ्याकडे यायचं. मला त्याचा गर्व होता. त्यावर मी लेखही लिहिलाय.

मारोती पुढं लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळायचा. तो आईजवळ बसू शकला असता, लॅपटॉप कुणीही बघितला असता. पण तो मला म्हणाला, “तिच्यासमोर ते शब्द माझ्या तोंडातून निघायचे नाहीत. तू सांग. जसं आहे तसं. सिनेमातलंच तर सांगायचंय.”

मी हो म्हणालो.

आता येतोच आहे त्याच्यावर. टाळत नाही — म्हणजे टाळतोय, पण येतोय.

पहिला अर्धा भाग छान गेला. मावशी मेंढ्यांवर खूश होत्या. त्या बाईला लोकर कातरता येत नाय, असं त्यांचं मत पडलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून बघायला लागले, तर मावशींनी त्यांनाही ते सांगितलं. मग ते जेवण आलं. पडद्यावर मुलानं चमचा खाली ठेवला आणि बोलायला लागला. ओळी उमटत होत्या. मी त्या वाचल्या. मावशींनी कान माझ्याकडे केला. त्यांच्या पदराला शेंगांचा वास होता.

माझ्या मनात एकच गोष्ट आली. आता मी हे बोललो, की ही बाई आधी पडद्याकडे बघेल, मग पुढं बसलेल्या मुलाकडे बघेल — आणि मग मान वळवून माझ्याकडे बघेल. मुलाकडे बघितलं असतं ते मला चाललं असतं. बघा, किती साफ लिहितोय. तिसरं बघणं चालणार नव्हतं.

“पोरगा काय म्हनतोय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “म्हणतोय, मला लांब नोकरी लागलीय. आता मी परत यायचा नाही.”

“आन् त्यो दुसरा?”

“तो त्याला न्यायला आलाय.”

पडद्यावरची आई रडत होती. “नोकरी लागली म्हून कुणी रडतं व्हय?” मग त्यांनीच उत्तर काढलं. लांब चाललंय ना लेकरू, म्हणाल्या. पडद्यावरच्या आईनं उठून पाहुण्याच्या ताटात वाढलं तेव्हा मावशींनी मान डोलावली. “बाई चांगली हाय. घेऊन चाललाय त्यालाच आधी वाढलं.”

सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिनेमा मी संपवला होता.

जिना उतरताना मारोतीनं आईला विचारलं, कळला का सिनेमा. त्या म्हणाल्या, सरांनी समदं सांगितलं, लई जीवाला लागला. मारोतीनं माझ्याकडे बघितलं. असं कुणी माझ्याकडे आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. आभार होते त्यात. आणि मी — मी हलकंसं हसलो.

तो वाट बघत राहिला. आई काही बोलतील, रागावतील, रडतील. त्या गावी गेल्या आणि महिन्याभरात मुलगी बघून आल्या. मला एकट्याला गाठून म्हणाल्या, “सर, तेवढं तुमीच सांगा त्याला. त्या सिनेमातल्या पोरावानी निघून जाईल कुठंतरी लांब. त्याच्या आत उरकून टाकू.” माझी थाप त्यांनी जशीच्या तशी खरी मानली होती आणि त्यावर उपाय शोधला होता.

मारोतीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी आईला सगळं कळलं होतं, पूर्ण सिनेमा कळला होता, आणि विचार करून तिनं दिलेलं उत्तर म्हणजे ही मुलगी. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, “ती बाई वाढते ताटात. माझ्या आईनं नाही वाढलं. ठीक आहे. निदान उत्तर तरी मिळालं.”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी तिला सांगितलंच नाही. एवढंच. काय झालं असतं? तो चिडला असता, कदाचित निघून गेला असता. तसाही गेलाच. मी कुकरच्या शिट्ट्या मोजतोय असं दाखवलं आणि म्हणालो, “आईंचंही वय झालंय.”

त्या हॉलमधल्या थापेला मी कधीकधी घाबरटपणा म्हणून सोडून देतो. भीती ऐन वेळी येते, माणूस गडबडतो. पण स्वयंपाकघरातलं ते वाक्य? ते मी शांतपणे, विचार करून, कुकरखालचा गॅस बारीक करून बोललो. एका आईच्या माथी तिनं न दिलेला नकार मारला. आणि त्याला तो गिळू दिला.

मावशी दोन-तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. शिव्या घातल्या असत्या, वाढलं असतं, कदाचित आधी शिव्या घालून मग वाढलं असतं. तो त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांना कुणी विचारलाच नाही. गावात मात्र त्या तो सिनेमा शेवटपर्यंत सांगायच्या — नोकरीला लांब गेलेल्या पोराचा. बाया रडायच्या म्हणे.

मारोती आता सिडकोत राहतो. एक मुलगी आहे. त्याची बायको हुशार आहे, बोलकी आहे. एकदा सहज म्हणून गेली, की हे घरी असतात पण पाहुण्यासारखे असतात, काय लागतं ते मागतसुद्धा नाहीत. तिचं काय चुकलं होतं? या गोष्टीत तिनं कुठं बसायचं तेही तिला कुणी विचारलं नव्हतं. मारोती आईविषयी फार कमी बोलतो. वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. तो फोटोसमोर हात जोडून उभा होता, आणि चेहऱ्यावर राग होता. मेलेल्या आईवरचा राग. तो माझ्या वाट्याचा होता. मी शेजारीच उभा होतो, चप्पल काढून.

आणि मी व्याख्यानं देतो. तो जेवणाचा प्रसंग मी फार प्रभावी सांगतो — ताटात वाढण्यापाशी थोडं थांबतो, आवाज खाली आणतो. पोरंपोरी डोळे पुसतात. नंतर भेटायला येतात, म्हणतात, सर, मी हा सिनेमा घरी आईबाबांना दाखवणार. मी म्हणतो, जरूर दाखव. एका मुलीनं विचारलं होतं, आईला इंग्रजी येत नाही, मी सांगू कसं? मी तिला म्हणालो, जसं आहे तसं सांग. हे म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याची मला सगळ्यांत जास्त घाण वाटते.

लग्न त्यांच्या गावीच झालं. माईक माझ्याकडे होता. पाहुण्यांचं स्वागत, आहेर, जेवणाच्या पंगती, सगळं सूत्रसंचालन मी केलं. लोक म्हणाले, सरांचा आवाज फार चांगला आहे. भेट म्हणून मी मिक्सर दिला. मध्यंतरी त्याचं एक भांडं बदलावं लागलं. बाकी तो अजून चालतो.