डब्यातले गणपती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं असं माणूस एकच — आणि नेमकं त्यांनाच सांगायची गरज नाही. का, ते येईलच पुढे.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. समोरच्या फ्लॅटमध्ये सिस्टर राहतात — निवृत्त नर्स, मूळच्या कवठे महांकाळच्या, ख्रिस्ती. त्यांचा मुलगा दूर. आम्हा दोघांच्याही दाराची बेल दूधवाल्याशिवाय फारसं कुणी वाजवत नसे.

नाताळ जवळ आला की सिस्टर बाल्कनीत चांदणी टांगत. विकतची नव्हे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत एक बल्ब. आणि खाली दोऱ्यांना लटकणाऱ्या छोट्या सोनेरी चांदण्या — त्या लग्नपत्रिकांच्या. पत्रिका माझ्या. जुने विद्यार्थी अजून बोलावतात, मी जात नाही. आपल्याकडची पत्रिका तुम्हाला माहीत आहे: मखमली पाकीट, सोनेरी वर्ख, आजी-माजी सरपंचांची रांग. एका माजी सरपंचात दोन चांदण्या बसत. डिसेंबरातल्या त्या आठ-दहा दुपारी — खोटं कशाला बोलू — वर्षभरात मी कुणाशी मनापासून बोलायचो त्या तेवढ्याच.

पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो. म्हणून तर ती कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. सिस्टरनी त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. "आवं सर, देव आधी येगळं काढा," त्या म्हणायच्या. "तुमी मानत न्हाई, म्हणून कातरीखाली घालायचं व्हय?" काम संपलं की डबा माझ्या हाती देत. कृष्णेत सोडून यायचं काम माझं.

दर वर्षी गेलो. एका वर्षी गेलो नाही. गुडघा दुखत होता — नाही, गुडघा मी नंतर शोधला. कंटाळा आला. कागदच तर आहे, म्हटलं, आणि डबा ओल्या कचऱ्यात उपडा केला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सोडलं का देव?" मी हो म्हणालो. पाणी कमी होतं, जरा काठाला अडकले, मग गेले — असंही म्हणालो. आयुष्यभर वाचल्याचा एवढा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्यांनी गेटजवळचं पिंप उलथलं. कोबीच्या पानांवर तीसेक गणपती, कडेकडेने नीट कापलेले.

पार्किंगमध्ये सगळे जमले. कुणी ओरडलं नाही. चेअरमन अगदी गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुमचा सण तुमी करा की. पण आमच्या देवाचं असं?" पत्रिका कोण कापतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही कापतो, हेही ठाऊक होतं. आरतीच्या लाउडस्पीकरवर वर्षानुवर्षं टोमणे मारणारा मी — संशय आधी माझ्यावर यायला हवा होता ना? आला नाही. माझं आडनाव बरोबर होतं.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी काय केलं? चष्मा काढला आणि पुसला. पुसतच राहिलो.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा न्हाई व्हायचं."

त्याच दुपारी स्टुलावर चढून त्यांनी चांदणी उतरवली. स्टूल हलत होतं. मी खिडकीतून पाहत होतो. धरायला गेलो नाही.

याला सहा वर्षं झाली. त्या बाल्कनीत चांदणी नाही. डबा माझ्याकडेच आहे, त्यांनी मागितला नाही. नाताळला करंज्यांचं ताट मात्र अजून येतं, वर रुमाल घातलेलं. पूर्वी त्या स्वतः बेल वाजवायच्या, आता कामवाली आणते. ताट रिकामं पाठवू नये म्हणतात, म्हणून मी मूठभर साखर घालतो. देव मानत नाही, पण एवढं मानतो.

सोसायटीत अजून सगळ्यांना वाटतं, ते सिस्टरनी केलं. ते मी केलं. सिस्टरना त्या सकाळपासून माहीत आहे. त्यांनीही कुणाला सांगितलेलं नाही.