पितराच्या पाटावर

मुलांनो, मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा थोरलीचं एका इंग्रजी नाटकाचं पुस्तक इथंच राहिलं. मेल्यानंतर काय होतं, यावरचं. पितृपंधरवड्यात असलं काही वाचू नये, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या असत्या. पण आजोबांच्या तिथीच्या आदल्या दुपारी वड्यांची डाळ भिजत घातली, हात मोकळे झाले, आणि मी ते उघडलं.

मला वाटलं होतं, यमासारखा कुणीतरी असेल, पापपुण्य विचारेल. तसलं काहीच नाही. एक रिकामी खोली, एक बाक. शिक्षा करणारं कुणी नाही, सोडवणारंही नाही. कोण कुणाचं, हे तिथं ज्याचं त्यानं ठरवायचं. माणूस ज्या वयात गेला त्याच वयाचा राहतो. अशात एक म्हातारी येते. बाकावर तिचा नवरा बसलेला असतो, तरुणपणीच गेलेला. तो अदबीनं उठतो, तिला जागा देतो आणि म्हणतो, "बसा, आजी. तुमचं कुणी आहे का इथं?"

मी पुस्तक मिटलं.

तुमचे आजोबा चाळिशीत गेले. तुम्ही कुणीच त्यांना पाहिलं नाही. भिंतीवरच्या फोटोत आहेत तेवढेच. मी गेले की ते भेटणार, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. एवढी शिकले, पण यावर कधी विचार केला नव्हता. त्या दुपारी फोटोसमोर उभी राहिले, तर तिथं माझ्या मुलापेक्षा लहान माणूस होता. हा मला कशावरून ओळखेल?

दुसऱ्या दिवशी बेंबळीहून भाऊजी आले. आजोबांचे दोस्त. तिथीला पितर म्हणून दर वर्षी तेच जेवायला येतात. गेलेल्याच्या नावानं ते पाटावर बसतात, आणि तेवढा वेळ आपण तोच माणूस आलाय असं समजून वाढायचं. पहिल्या वर्षी त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता काठी टेकत आले.

"वहिनी, वडे लई कडक झालेत. पितराचे दात शाबूत असतील, माझे न्हाईत."

"खिरीत बुडवा."

"बुडवलाय. पवायला लागला, पण मऊ होईना."

मी हसले. कालपासून पहिल्यांदाच. मग हात धुताना ते म्हणाले, "पुढल्या साली पोराला धाडतो. मला आता एसटीत चढणं होत न्हाय. त्याचं वयबी जमतंय, ह्याच्याएवढंच." आणि त्यांनी फोटोकडं बोट केलं.

त्यांचा मुलगा गुणी आहे. पण मला दिसलं ते असं: काळ्या केसांचा तो पाटावर बसलाय, मी वाकून वाढतेय, आणि तो अदबीनं म्हणतोय, "राहू द्या काकू, तुम्ही बसा."

"नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्हीच यायचं. गाडी पाठवते. वडे मऊ करते."

"अवो, पण मीच मेल्यावर?"

"तोवर तुम्हीच."

ते माझ्याकडं बघत राहिले. "म्हाताराच पितर पायजे म्हणा की."

"माझ्यासोबत म्हातारा झालेला पाहिजे."

त्यांनी काठी घेतली, फोटोला हात जोडले आणि निघाले.

नाटकाचा दुसरा अंक मी वाचलेला नाही. थोरले, पुढं तो तिला ओळखतो की नाही, हे तुला ठाऊक असेल. फोनवर मला सांगू नकोस.