प्रत शिल्लक

पुसण्यासाठी काकांएवढे कष्ट घेणारा माणूस अख्ख्या मुरुडात दुसरा नसेल. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, आमच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटरचं सगळं बघतात. मी तिथेच कारकून आहे आणि उरलेल्या वेळात लोकांचे आवाज काढतो. चेअरमन, एसटीचे कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. काकांचा आवाज काढणं त्यातल्या त्यात सोपं. घसा खाकरायचा आणि विचारायचं, "पुसलंस काय?"

काका एसटीतून उतरले की तिकिटाचे आठ तुकडे करतात. चार स्टँडवरच्या डब्यात टाकतात, चार घरी आणून. एटीएममध्ये शिरायच्या आधी रांगेतल्या सगळ्यांना समुद्राकडे तोंड करून उभं करतात, आणि लोकही मुकाट उभे राहतात, कारण अर्ध्या गावाचे पासवर्ड काकांनीच बदलून दिलेत. एकदा किनाऱ्यावर पुण्याकडच्या एका जोडप्याने वाळूत दोघांची नावं आणि लग्नाची तारीख लिहिली होती. काकांनी जाता जाता चपलेने फक्त तारीख पुसली. नवरा म्हणाला, "अहो, हे काय करताय?" काका म्हणाले, "नावं राहू देत. तारीख कशाला सांगायची जगाला? बऱ्याच जणांचा पासवर्ड तोच असतो." नवरा खिशातून मोबाईल काढून काहीतरी बदलायला लागला.

हे खूळ काकांना जन्मापासून नव्हतं. सोसायटीचा आधीचा कॉम्प्युटर तसाच भंगारात गेला होता. त्यातले आमच्या एका सभासद आजीचे कागद कुणीतरी काढले, तिच्या नावावर सिमकार्ड घेतलं आणि त्यावरून कुणाला तरी धमक्या दिल्या. आजी बोंबील वाळत घालत होती तेव्हा दारात पोलीस आले. दिवसभर ती पोलीस स्टेशनच्या बाकावर बसली होती आणि शेजारी काका. तो कॉम्प्युटर टेम्पोत त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवला होता.

म्हणून गेल्या वर्षी सर्व्हर बदलायचं ठरलं तेव्हा काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. बारा वर्षं कोपऱ्यातल्या कपाटात घरघरणारं ते धूड. त्यात सगळ्या सभासदांचे फोटो, अंगठे, बोटींचे कागद. माणगावच्या भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन थांबला होता.

"डिलीट मारा नि द्या की," चेअरमन म्हणाले.

"चेअरमन, डिलीट म्हंजे दारावरची पाटी काढली. माणूस घरातच हाय."

"मग द्या दर्यात टाकून."

"दर्या काय ठेवून घेतो? उद्या सगळं किनाऱ्याला आणून टाकील."

टेम्पो रिकामा गेला.

आमच्याकडे जुनी बोट मोडायला काढली की मालक आधी स्वतःच्या हाताने तिचं नाव खरवडतो, मग सुतार पहिली फळी काढतो. सर्व्हरचंही तसंच होणार, असं काकांनी जाहीर केलं. कामाचे कागद नव्या सर्व्हरवर जातील आणि तिथे उघडतात का ते एकेक करून बघितलं जाईल. मग जुन्याच्या प्रत्येक डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं लिहायची. मग मध्येच कुठेही डोकावून शून्याशिवाय काही दिसतंय का ते तपासायचं. शेवटी बोटीच्या सुताराचं गिरमीट मागवून डिस्कना भोकं पाडायची. या सगळ्याचा त्यांनी एक कागद केला. काय पुसलं, कुणी पुसलं, प्रत शिल्लक किती, असे तीन रकाने आणि खाली सही. कामाचं नसेल ते कुणीही घरी न्यायचं नाही. चेअरमनना स्वतःच्या सत्काराचे फोटो हवे होते. "न्हाय," काका म्हणाले. चेअरमनच्या आवाजातली माझी चौदा भाषणंही त्यातच होती. त्यांच्यासाठी मी फार भांडलो नाही.

यादीच्या अगदी शेवटी एक फाइल निघाली. मावशीची.

मावशीला जाऊन तीन वर्षं झाली. ती होती तोवर बंदरावरच्या भोंग्यातून वाऱ्याचा इशारा तिच्या आवाजात जायचा, कारण जन्मभर बाजारात मासे विकून कमावलेला तो आवाज लाटांच्या पलीकडे पोचायचा. आता तिथे कॉम्प्युटरचा एक तयार आवाज वाजतो. वादळाची बातमीही तो अभिनंदन केल्यासारखी देतो. मावशीच्या आवाजातल्या इशाऱ्याची ती फाइल आणखी कुठेच नव्हती.

"काका, ही पेनड्राइव्हवर घेतो."

"सोसायटीच्या कामाची हाय काय?"

"नाही. पण मावशी आहे."

"चेअरमनला न्हाय म्हटलं. मला व्हय कसं म्हणू?"

मी तरीही पेनड्राइव्ह लावला. त्यांनी तो हळूच काढून माझ्या हातात ठेवला. मग फाइल एकदा लावली, पूर्ण ऐकली आणि शून्यं सुरू केली. त्या दुपारी ते जेवायला घरी गेले नाहीत. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती, तिच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. शून्याशिवाय काही सापडलं नाही. सुताराने येऊन भोकं पाडली. काका कागद भरायला बसले. सगळ्या ओळींत शिल्लक रकान्यात 'नाही', 'नाही' लिहीत आले आणि मावशीच्या ओळीवर पेन थांबला.

"तू तिचा आवाज काढायचास ना रे?"

काढायचो. रोज, तिच्या समोरच, ती उलथनं घेऊन मागे लागेपर्यंत. ती गेल्यापासून मात्र एकदाही काढला नव्हता.

"काढ."

मी घसा साफ केला. "वारा सुटलाय. बोटी बंदराला आणा. घरी या."

काका खिडकीबाहेर बघत होते. "'घरी'च्या आधी ती थोडी थांबायची," ते म्हणाले. "बोट वळवायला वेळ द्यायची."

मी पुन्हा म्हटलं, थांबून.

काकांनी मान डोलावली. रकान्यात लिहिलं, 'एक. पुसता येत नाही.' खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागदाच्या कडेवर हात ठेवून बसून राहिले.