सत्तावन मिनिटांचा तास

चांदूर रेल्वेजवळ भाजीपाला लावणाऱ्या एका काकूंच्या शेतात आमचा ठिबकचा टायमर बसवून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"तुयं मशीन पयते वो बाई. तास लावला का सत्तावन मिनिटांतच पानी बंद."

मला वाटलं, काकू मोबाईलवरची वेळ नीट बघायला विसरल्या असतील. तसं सुचवलं, तर म्हणाल्या, "तीन दिवस मोबाईल घेऊन बांधावर बसली मी. मले नको शिकवू."

टायमरचा प्रोग्राम मी अमरावतीत घरी बसून लिहायचे. बोर्डावर सुटे भाग बसवायचा तो अकोल्याचा माझा कॉलेजातला मित्र. दोघांचा मिळून हा उद्योग. एक बोर्ड टेबलावर घेतला आणि चालू केला. स्क्रीनवर मधूनच एखादं अक्षर बिघडून येत होतं. आधीही हे दिसलं होतं, पण मी वायरला दोष देऊन सोडून दिलं होतं. या वेळी भिंग घेतलं. वीज आल्यावर आधी चालतो तो बूटलोडर, म्हणजे बोर्ड जागा करणारा छोटा प्रोग्राम. बोर्डावरचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळासारखे ठोके देणारा भाग, किती मेगाहर्ट्‌झचा आहे ते त्यात लिहावं लागतं, त्या आकड्यावरूनच टायमर वेळ मोजतो. मी लिहिलं होतं चोवीस. क्रिस्टलवर छापलं होतं पंचवीस. ठोके मोजणीपेक्षा भरभर पडत होते, म्हणून प्रत्येक तास घाईत होता.

क्रिस्टल बदलला कोणी? दुसरं नाव सुचलंच नाही. गेल्या महिन्यात तो दुसऱ्या कोणासाठी तरी बोर्ड बनवतोय असं कानावर आलं होतं. तिकडचा उरलेला माल आमच्यात खपवला असणार. फोन केला तर तो सावध होईल, म्हणून न कळवता सकाळच्या एसटीनं अकोला गाठलं.

"कावून, फोन न करता आली?" दारात उभा राहून त्यानं विचारलं. त्या प्रश्नातही मला काळंबेरं दिसलं.

मी बोर्ड त्याच्यापुढे ठेवला. "हे पंचवीस कुठून आले?"

त्यानं बोर्डाकडे नीट पाहिलंही नाही. मोबाईल काढून आमचं जुनं बोलणं वर सरकवत नेलं आणि माझ्या हातात दिला. त्यानं लिहिलं होतं, 'चोवीसचे भेटून नाही राहिले. पंचवीसचे टाकू का? बूटलोडरमधला आकडा तू बदलशील ना?' खाली माझा अंगठा होता.

तो अंगठा मी कधी दिला, आजही आठवत नाही. त्याही क्षणी मनात आलंच, की मी गडबडीत असताना यानं मुद्दाम विचारलं असेल. मग माझी मलाच लाज वाटली.

"तुले वाटलं मी फसवून राहिलो," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

आकडा बदलायला मिनिटही लागलं नाही. अकरा शेतांत जाऊन तो बोर्डांत भरायला मात्र चार दिवस गेले. मित्र सगळीकडे सोबत आला, पण कामापुरतंच बोलला. काकूंनी बांधावर बसून पूर्ण तास मोजला आणि मगच चहा ठेवला.

आता तो प्रत्येक भागाचा फोटो पाठवतो आणि माझं उत्तर शब्दांत आल्याशिवाय हात लावत नाही. माझा विश्वास बसावा म्हणून, की त्याचा माझ्यावरचा उडाला म्हणून, हे विचारायला मी अजून धजलेले नाही.