चहा निवायच्या आत

आमच्या ऑफिसात त्याला सगळे किमानराव म्हणतात. आम्ही भरतकामाचे नमुने काढायचं सॉफ्टवेअर बनवतो आणि ते चालायला कॉम्प्युटर कमीत कमी केवढा हवा, हे ठरवणं त्याचं काम. सवय इतकी अंगात मुरलेली, की कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी यजमानालाच विचारतो, "कमीत कमी किती वेळ बसावं लागेल?"

त्याची कसोटीही जगावेगळी. खिडकीपाशी एक जुनाट कॉम्प्युटर आहे, सुरू झाला की धापा टाकतो. त्यातली मेमरी कमी कमी करत जायचं आणि दर वेळी शेजारी वाफाळता चहा ठेवून बटण दाबायचं. चहा निवायच्या आत सॉफ्टवेअर उघडलं, तर पास. बाहेर सांगायची सोय नाही, पण आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

यंदाची आवृत्ती मात्र भलतीच धष्टपुष्ट निघाली. चार जीबीवर ती उघडेपर्यंत चहावर साय धरली. मॅडम म्हणाल्या, "आठ लिहून टाका. त्याखाली इन्स्टॉलच होऊ द्यायचं नाही."

किमानरावाचा चेहरा पडला. त्याला लहानाचं मोठं केलं ते आत्यानं आणि आत्याचा भरतकामाचा सगळा धंदा चार जीबीच्या कॉम्प्युटरवर. नवीन कॉम्प्युटर घे म्हटलं की ती फणकारते, "उद्या मलाही बदलशील!"

"उद्या एकदा शेवटचं बघू या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमलो. चहा ओतला, वर बशी झाकली, बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरतंय, फिरतंय. मी जांभया देऊन घेतल्या, मेल वाचले. एकदाचं उघडलं!

"आता चहा बघा," किमानराव छाती काढून म्हणाला.

मॅडमनी मोठा घोट घेतला आणि किंचाळल्याच. जीभ पोळली होती. कप निरखून पाहतात तो काय, ऑफिसच्या कपांसारखा रंगवलेला थर्मासचा कप! मला खरं तर चीड यायला हवी होती, पण हसू आवरेना.

किमानराव काकुळतीला आला. "मॅडम, आत्याला घाई नसते हो. बटण दाबून ती भाजी चिरायला बसते."

मॅडम जिभेला वारा घालत होत्या. "मद तथंत लिहा ना!" त्या बोबड्या बोलल्या.

'मग तसंच लिहा ना' हे त्यानं शब्दशः घेतलं आणि कपासकट सगळं लिहिलं. नवी आवृत्ती बाहेर पडली, ती या सूचनेसकट: 'आठ जीबी असल्यास उत्तम. किमान चार जीबी, आणि चहा गरम राहील असा कप.'

पहिला फोन आत्याचाच. "मेल्या, माझ्याकडे कुठाय असला कप? आता माझं बंद पडणार का रे?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्याच संध्याकाळी तो थर्मासचा कप तिला देऊन आला. तेव्हापासून ऑफिसात त्याचा चहा रोज गार होतो. नवा कप का घेत नाहीस म्हटलं, तर म्हणतो, "मला एवढा गरम पुरतो."