काय मारलास?

ती घटना आठवली की आजही आधी एक शब्द कानात येतो: ‘मारलो’.

मैसूरच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी फोन आला की शेजारच्या घरात दोन भाऊ कडाकडा भांडत होते आणि आता थोरला अंगणात मरून पडलाय. दोघेही आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मराठी. थोरल्याची बायको कृष्णराजनगरला माहेरी गेली होती. पंचनाम्यात छातीवरच्या पुसट वळाखेरीज काहीच सापडलं नाही.

चौकशीत धाकटा एकच वाक्य घोकत होता, “मीच मारलो, सार.” फौजदारानं त्याचं कन्नड करून जबाब लिहायला घेतलासुद्धा. मला मात्र चैन पडेना. गुन्हा कबूल करणारा माणूस सहसा आधी कारण सांगतो. हा कारणाचं नावच घेत नव्हता. शवविच्छेदन होईपर्यंत मी अटक थांबवली.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं आणि थोरल्याची महाधमनी फाटल्याचं सांगितलं. हृदय छातीत बऱ्यापैकी मोकळं असतं, पण त्यातून निघालेली महाधमनी पुढे पाठीच्या कण्याला घट्ट धरलेली असते. वेगातली गाडी अचानक थांबली की हृदय पुढे झेपावतं, कण्याजवळचा भाग जागीच राहतो आणि नेमकी त्या जोडावर नळी फाटते. बाहेरचा पदर कधीकधी थोडा वेळ रक्त धरून ठेवतो, तेवढ्यात माणूस चालतो, भांडतोही. हे हाताच्या माराचं काम वाटत नाही, आधी गाडीचं विचारा, असं त्यांनी बजावलं.

ठाण्यात परतताना आमच्या घरातलं बोलणं आठवलं: आम्ही ‘भात खाल्लो’, ‘काम केलो’ म्हणतो, क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे चालतं, म्हणून नुसत्या ‘मारलो’वरून काय मारलं ते कळत नाही. मी त्याच्यासमोर बसलो.

“काय मारलास रे?”

“ब्रेक, सार.”

आणि तो ढसाढसा रडला. वरुणा गावाहून येताना जीप तो चालवत होता, तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली बाई आडवी आली. ब्रेक मारूनही जीप वळून मोरीच्या कठड्यावर आदळली. थोरल्यानं पट्टा लावला नव्हता. एका टेम्पोतून दोघे घरी आले. थोरला अंगणात पोचेपर्यंत त्याला झापत होता. शेजाऱ्यानं ऐकलेलं भांडण ते हेच. जीप मोरीपाशीच सापडली, त्या बाईनंही सगळं सांगितलं.

क्रियापद ऐकून पेन उचलू नये, आधी कर्म विचारावं, एवढं मी या प्रकरणात शिकलो. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि आमच्या कन्नडमिश्रित मराठीचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांच्यामुळेच एक निरपराध माणूस माझ्या हातून तुरुंगात गेला नाही.

त्याची वहिनी तोवर त्याचं तोंड पाहायला तयार नव्हती. मी सगळं समजावल्यावर ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“ब्रेक मारला नसतास तर?”

“ती बाई गेली असती, वैनी.”

डोळे पुसून ती म्हणाली, “मग मारलास ते बरं केलास. चल घराला.”